गायरानातला कचरा आणि डेअरीतले दूध: सीमाभागातील ग्रामपंचायतींना व दूध संस्थांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी तालुक्यांतील ग्रामपंचायतींचे अध्यक्ष, सदस्य व पीडीओ (पंचायत विकास अधिकारी),
तसेच गावोगावच्या दूध संस्थांचे चेअरमन, संचालक आणि सेक्रेटरी,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावांत दोन सभा होतात. ग्रामसभेत गटार, रस्ते, कचरा यांचे विषय निघतात. डेअरीच्या वार्षिक सभेत फॅट, दर आणि बोनसचे. दोन्हीकडे माणसे बरीचशी तीच असतात. तरी ग्रामसभेत कोणी म्हशीचे नाव काढत नाही आणि डेअरीच्या सभेत कोणी गटाराचे. माझे म्हणणे एवढेच, की हा विषय एकच आहे. गावात जे उघड्यावर पडते ते जनावराच्या पोटात, कासेत नाहीतर खुरात जाते आणि तिथून दुधाच्या कॅनपर्यंत येते. या दोन सभांनी एकत्र बसावे, यासाठी हे पत्र.

मी खानापूर तालुक्यातली. आमच्याकडे म्हशी आहेत, एक एचएफ (होल्स्टीन) जातीची गाय आहे, आणि दोन्ही वेळचे दूध आम्ही डेअरीला घालतो. आमच्या बाजूला भात वर्षातून एकदाच घरात येते. बाकीचे महिने हातात जो पैसा खेळतो तो दुधाचा. निपाणी-चिकोडीकडे तंबाखू आहे, ऊस आहे. पण कारखान्याचे बिल कधी येईल ते कारखाना ठरवतो. किराणा, मुलांची फी, दवाखाना हे सगळे तिथेही दुधाच्या बिलावरच निघते. कोणी कर्नाटकातल्या नंदिनी संघाला दूध घालतो, कोणी कोल्हापूरकडे जाणाऱ्या गाडीला. गाडी कुठलीही असो, गोठ्यातली बाई सारखीच पहाटे उठते. म्हणून या पत्रात मी कुठल्या संघाची बाजू घेत नाही.

आधी प्लॅस्टिकचे बोलते. शेळी ओठांनी निवडून पान खाते. गाय-म्हैस तसे करत नाही. ती जिभेने वैरणीला वेढा घालते आणि अर्धवट चावून गिळते, रवंथ नंतर. जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेली पिशवी बाहेर टाकणे तिला जमत नाही. शिळा भात, भाजीची देठे घालून गाठ मारलेली पिशवी कोणी रस्त्याकडेला फेकली, की वासावर जनावर येते आणि गाठीसकट गिळते. ती पिशवी कोटीपोटात बसते. कुजत नाही, पुढेही सरकत नाही. एकीवर दुसरी येते, त्यात दोरी-सुतळी गुंतते आणि वर्षा-दोन वर्षांत घट्ट गोळा तयार होतो. मग जनावर खाणे सोडत जाते, सारखे फुगते, रवंथ मंदावते, दूध आटते. मालक पेंड बदलतो, जंताचे औषध पाजतो, कोणी अंगारा आणून लावतो. खरे कारण कळते ते डॉक्टरांनी पोट उघडल्यावर. एकेका गाईच्या पोटातून वीस-तीस किलो प्लॅस्टिक निघाल्याची उदाहरणे देशभर आहेत. शहरातल्या मोकाट गाईंचे हे दुखणे आहे, असे समजून आपण सोडून देतो. पण आता आपली गायरानेही शहराच्या कोपऱ्यासारखीच दिसतात. गावाच्या वेशीजवळचा ओढा, शाळेमागची मोकळी जागा, बसस्टॉपची मागची बाजू कुठल्याही गावात जाऊन पाहा.

कायदा नाही असे नाही. कर्नाटकात प्लॅस्टिक पिशव्यांवर 2016 पासून बंदी आहे. 1 जुलै 2022 पासून केंद्रानेही एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकचे पेले, चमचे, ताटल्या, स्ट्रॉ बंद केले. आठवडी बाजारात मात्र पाव किलो मिरचीलाही पिशवी मिळते. बाजाराच्या दिवशी पंचायतीचा माणूस कर गोळा करायला फिरतो. त्याच फेरीत त्याने पिशव्यांकडेही पाहावे, यात जास्तीचा खर्च काय आहे?

आणि दूध संस्थांनो, यात तुमचाही वाटा आहे. पशुखाद्याची पोती तुमच्याकडून येतात. पोत्याचे तोंड उघडताना ओढलेला दोरा गव्हाणीतच पडतो आणि वैरणीबरोबर पोटात जातो. रिकामी पोती परत घ्या, दोऱ्यासाठी दुकानातच एक डबा ठेवा. घरी विकतच्या दुधाची पिशवी फोडतो तेव्हा कोपऱ्याचा तुकडा वेगळा करू नये, एवढे प्रत्येकाला सांगा. तो बोटाएवढा तुकडा कुठलाही कचरा वेचणारा उचलत नाही.

प्लॅस्टिकपेक्षाही लवकर मारणारी गोष्ट म्हणजे तार. स्लॅबच्या सळ्या बांधायची तार बांधकामाभोवती पडलेली असते. थंडीत कोणी टायर जाळून शेकतो. रबर जळून जाते आणि आतली बारीक तार मातीत राहते. पाऊस पडला की त्याच जागी गवत उगवते. गवताबरोबर गिळलेली तार जाळीपोटात जाते. जाळीपोटाच्या पुढे पातळ पडदा आणि पडद्यापलीकडे लगेच काळीज. गाभण जनावराचे पोट वाढले, की दाबाने तार पुढे सरकते आणि काळजाच्या आवरणात घुसते. जनावर पुढचे पाय फाकवून उभे राहते, उतारावरून उतरायला कण्हते, गळ्याखाली पोळी सुजते. तिथवर गेलेले जनावर बहुधा हाताला लागत नाही. ऐन दुधावरची म्हैस अशी जाते तेव्हा घरातले कर्तेच माणूस आजारी पडावे तसे होते. टायर जाळू नका, हे पंचायतीने हवेच्या प्रदूषणासाठी सांगितले तर कोणी ऐकणार नाही. म्हशीसाठी सांगा, गाव ऐकेल.

यात्रा-जत्रांचेही बोलले पाहिजे, आणि ते प्रेमानेच बोलते, कारण लक्ष्मीची यात्रा आली की माझेही पाऊल घरात ठरत नाही. महाप्रसादाला हजारो पाने उठतात. उरलेला भात, शिरा, आमटी कुठे जाते? मंडपामागच्या खड्ड्यात, नाहीतर ओढ्याच्या काठाला. सकाळी मोकळी सुटलेली जनावरे तिथे तुटून पडतात. शिजवलेला भात असा एकदम घमेलेभर पोटात गेला, की तो आंबतो, पोटात आम्ल वाढते, रवंथ बंद पडते आणि जनावर बसते ते उठत नाही. वेळेवर डॉक्टर मिळाला तर वाचते. आमच्या जंगलपट्ट्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, रात्री डॉक्टर मिळणे किती कठीण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पुण्याच्या कामातून असे पाप घडू नये. ज्या गावाने वार पाळायचे, म्हणजे त्या दिवशी शेतात जायचे नाही, असे ठरवले की सगळे शिवार ओस पडते, त्या गावाला उरलेला भात मातीआड करणे अवघड नाही. मंडळांनी परवानगी घ्यायला यावे तेव्हाच खड्डा कुठे खणणार हे त्यांना विचारा. प्लॅस्टिकचा मुलामा असलेल्या पत्रावळीऐवजी पानाची पत्रावळ किंवा घरून आणलेले ताट, हेही तेव्हाच ठरवून टाका.

आता गटार. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठे नुकसान इथेच आहे, आणि ते दिसत नाही म्हणून त्याची कुठे नोंदही होत नाही.

आमच्या गल्लीसारख्या गल्ल्या तुमच्याकडेही असतील. न्हाणीचे पाणी, भांड्यांचे पाणी, गोठ्याचे मूत सगळे एका उघड्या गटारात येते. गटार तुंबले की पाणी वाटेवर, गोठ्याच्या दारात. धार काढून झाली की सडाचे तोंड लगेच मिटत नाही. अर्धा-पाऊण तास तरी ते उघडे असते. त्या वेळात जनावर अशा चिखलात बसले, की घाणीतले जंतू थेट कासेत चढतात. दगडी, म्हणजे कासेचा सुजेचा आजार, होते ती अशी. कास सुजली, दुधात गाठी आल्या, की दगडी झाली हे सगळ्यांना कळते. पण त्याहून जास्त जनावरांत दगडी लपलेली असते. कास नरम, दूध पांढरे, गाठ नाही. पण दूध रोज थोडे कमी येते आणि एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग, खाली घसरतो. गाईच्या दुधाचा दर साधारण 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर बांधलेला असतो. त्याखाली गेले की बिल कापले जाते, आणि बाई डेअरीच्या मशीनवर नाहीतर सेक्रेटरीवर चिडते. मशीन बरोबर असते. चूक दारातल्या गटारात असते.

लपलेली दगडी ओळखायची एक सोपी रीत आहे, ती प्रत्येक डेअरीने भिंतीवर लिहून लावावी. अर्धा लिटर पाण्यात साधारण सहा चमचे कपडे धुण्याची पावडर विरघळवायची. चार वाट्यांत चार सडांचे थोडे थोडे दूध वेगवेगळे घ्यायचे आणि प्रत्येकात तेवढेच ते पाणी घालून हलवायचे. दूध जसेच्या तसे पातळ राहिले तर सड चांगला. घट्ट, बुळबुळीत झाले तर त्या सडात दगडी आहे, डॉक्टरांना बोलवावे. ते तपासणीचे दूध फेकायचे, पण गोठ्यात किंवा वाटेवर नाही. जनावरे ज्या पाणंदीने जातात तिथे दगडीचे दूध ओतणारे लोक मी पाहते, आणि मग शेजारच्या गोठ्यात तोच आजार गेला की नवल करतात. धार काढल्यावर जनावरापुढे लगेच वैरण टाकावी, म्हणजे ते तासभर उभे राहते. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले असेल तर ते सांगतील तितके दिवस त्या जनावराचे दूध डेअरीला घालू नये. या गोष्टी घरच्या माणसांनी करायच्या. पण गटार एकट्या बाईला साफ करता येत नाही. ते पंचायतीचेच काम आहे.

त्याच साचलेल्या पाण्यात डास, उकिरड्यावर माशा, गोठ्यात गोचीड. 2022 मध्ये लम्पी या त्वचारोगाने सीमेच्या दोन्ही बाजूंचे गोठे धरले, तेव्हा लस आणि गोठ्यातली फवारणी यांची धावपळ आपण सगळ्यांनी केली. चावणाऱ्या माशा, डास, गोचिडांनीच तो आजार गोठ्यागोठ्यांत फिरला. रोग ओसरला आणि गटारे पुन्हा तशीच तुंबली.

पण सगळे पंचायतीवर ढकलून दूध उत्पादकांना मोकळे होता येणार नाही. एक मोठे जनावर दिवसाला दहा-पंधरा किलो शेण टाकते. पूर्वी दोन-चार जनावरांचे शेण परसातल्या खड्ड्यात मावत होते. आता परस राहिले नाही, घरे रस्त्याला आली, आणि उकिरडाही रस्त्याला आला. दिवाळीच्या पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव घालणारे आपण लोक. तेच शेण वर्षभर सार्वजनिक वाटेवर, नळाच्या शेजारी, शाळेच्या कुंपणाला लागून टाकतो. माशीच्या अंड्यापासून माशी व्हायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याला उकिरडा हलवला किंवा मातीने झाकला तरी निम्मा त्रास कमी होईल. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून गोबरगॅस केला तर आणखी चांगले. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरांचे. स्लरी शेताला जाते, वास येत नाही, माशी बसत नाही. रोजगार हमीतून गोठे आणि शोषखड्डे झालेली गावे आपल्याच जिल्ह्यात आहेत. पंचायतीने गल्लीवार यादी करून अशी कामे मागावीत, बांधकामाच्या बिलांइतक्याच आस्थेने.

आणखी एक गोष्ट आहे जी बोलायला लोक संकोचतात. म्हैस व्याली की जार (व्याल्यावर पडणारी वार) गोणपाटात बांधून वडाला टांगायची पद्धत आपल्याकडे आहे. वडाला चीक येतो तसे म्हशीला दूध यावे, ही त्यामागची भावना. मी त्या भावनेला हसणार नाही. पण आता गोणपाट गेले, प्लॅस्टिकची पोती आली. ती महिनोन्‌महिने लोंबकळतात, कुत्री-कावळे ओढतात, खाली पाणवठा असतो. गाभडलेल्या जनावराची जार आणि मेलेले वासरू तर ओढ्यात टाकतात. गाभडण्यामागे ब्रुसेलासारखा रोग असला तर तो जारीतून पसरतो, आणि माणसालाही होतो. महिनोन्‌महिने ताप आणि सांधेदुखी. जार चुना घालून खोल पुरावी, हात लावायचा तर हातमोजा घालावा. लहान कालवडींना आणि म्हशीच्या मादी रेडकांना चौथ्या ते आठव्या महिन्यात ब्रुसेलाची लस एकदाच द्यायची असते आणि ती सरकारी मोहिमेत फुकट मिळते. पुरायला जागा नाही ही अडचण खरी आहे. गायरानातला एक कोपरा, वस्ती आणि पाण्यापासून लांब, यासाठी राखून ठेवणे पंचायतीच्या हातात आहे. डॉक्टरांच्या सुया, औषधाच्या बाटल्या उकिरड्यात टाकू नका, त्यासाठी डेअरीत एक झाकणाचा डबा ठेवा.

काँग्रेस गवताबद्दल थोडक्यात. गायरान आणि रस्त्याकडेची जागा त्याने व्यापली की चांगले गवत उगवत नाही, आणि भुकेले जनावर ते खाते तेव्हा दुधाला कडवट वास येतो. फुलावर येण्याआधी, पहिल्या पावसानंतर माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे आणि त्या जागी टाकळ्याचे बी फेकावे. टाकळा त्याला वाढू देत नाही. एका रविवारचे काम आहे, युवक मंडळांना द्या.

शहरातून शिवारात येऊन पार्ट्या करणाऱ्यांचे मात्र थोडक्यात सोडता येत नाही. धबधबे, गड, नदीकाठ आणि आता थेट भाताची खाचरे. रविवारची दारू आणि सोमवारी बांधावर फुटलेल्या बाटल्या. अनवाणी रोप लावणाऱ्या बाईचा पाय आणि बैलाचा खूर दोन्ही त्या काचेवर पडतात. खुरात काच गेलेले जनावर उभे राहत नाही, खात नाही, दूध देत नाही. पाणंदीच्या तोंडाला फलक लावा, शनिवार-रविवारी गस्त ठेवा, पोलिसांना पंचायतीच्या ठरावासह पत्र द्या. एकेका शेतकऱ्याने जाऊन हुज्जत घातली तर त्यालाच मार बसतो.

डेअरीच्या दारातली परिस्थितीही पाहा. दूध कासेतून निघते तेव्हा कोमट असते, आणि कोमट दुधात जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात. ते चार अंशांपर्यंत थंड होईपर्यंतचा प्रत्येक मिनिट महत्त्वाचा. आमच्या बाजूला पावसाळ्यात वीज जाते, रस्ता खचतो, गाडी उशिरा येते; यावर तुमचाही इलाज नसतो. पण कॅन कुठे धुतात, कशाने धुतात, हे तर हातात आहे. आधी गार पाणी, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा, पुन्हा स्वच्छ पाणी आणि मग उन्हात उपडा. गटारावरच्या नळाला कॅन धुवून ओलाच गाडीत चढवला तर बाईने गोठ्यात पाळलेली सगळी स्वच्छता तिथे वाया जाते. एका कॅनमधले नासलेले दूध मोठ्या टाकीत गेले तर गावाचे दूध परत येते, आणि तोटा ज्यांनी नीट धार काढली त्यांच्याही माथी बसतो. कर्नाटक सरकारचे लिटरमागे जे प्रोत्साहन मिळते, ते अशा एका परतीत निघून जाते.

भाषेबद्दल एक विनंती, कुणाशी भांडण म्हणून नव्हे. लाळ्या-खुरकुताच्या लसीची तारीख, कचरागाडीची वेळ, दंडाची नोटीस अशा सूचना अनेक ठिकाणी फक्त कानडीत लागतात. गोठा सांभाळणाऱ्या आमच्यातल्या पुष्कळ वयस्क बायकांना कानडी बोललेले समजते, वाचता येत नाही. जिथे भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असे केंद्राने मान्य केलेले धोरण आहे. लस चुकलेली म्हैस कुठल्या भाषेच्या घरात बांधली आहे हे रोग विचारत नाही. दोन्ही भाषांत फलक लावा. आणि शक्य असेल तिथे दवंडी द्या, ती सगळ्यांना कळते.

मागणे मोठे नाही. कर्नाटकी बेंदुराच्या आधी, म्हणजे पाऊस लागायच्या आत, प्रत्येक गावात पंचायत आणि दूध संस्थेची एक संयुक्त बैठक घ्या. पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा, आशा कार्यकर्त्यांना बोलवा. बायका कामातून मोकळ्या होतात त्या वेळेला, दुपारी बोलवा. संध्याकाळच्या धारेच्या वेळेला ठेवलेल्या सभेला फक्त पुरुष येतात. कचऱ्याची शेड बांधून कुलूप लावले असेल तर ते उघडा. संस्थेच्या नफ्यातला थोडा भाग दरवर्षी गटार, हौद आणि गायरानाच्या सफाईसाठी बाजूला काढायचा ठराव मांडा. बोनस चार आण्यांनी कमी झाला तर मी तरी तक्रार करणार नाही. कोणाचे काम कोणते हे लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीत तेच कागद पुन्हा काढा.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला, तर डेअरीसमोरच्या गटारापासून करा. तिथे दिवसातून दोनदा सगळा गाव किटली घेऊन येतो. काम झाले की नाही हे विचारायला वेगळी सभा लागणार नाही.

आपली,
एक दूध उत्पादक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव